पंचगंगेचा पूर आणि कॅमेरा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली पंधरा वर्षं मी पंचगंगेचे फोटो काढतोय. पोटापाण्याचा धंदा वेगळा आहे, हा निव्वळ छंद. पण जुलै लागला आणि नदी पात्राबाहेर पडली की फोन सुरू होतात. "भावा, पाणी कुठवर आलंय? कुठं थांबून फोटो चांगला येईल?" दरवर्षी तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो.

पूर म्हणजे लोकांचं नुकसान. त्याचे फोटो छंद म्हणून काढणं बरं दिसतं का?

हा प्रश्न मला पहिल्यांदा आमच्या आईनं विचारला होता, आणि तो रास्त आहे. पूर बघायला जाणं ही कोल्हापूरची जुनी सवय आहे. पंचगंगा घाटावर पाणी आलं की अख्खी पेठ बघायला जाते, लहान पोरांना खांद्यावर घेऊन. त्यात वाईट काही नाही, नदीशी असलेलं ते नातं आहे. पण २०१९ च्या महापुरानंतर ते तसंच राहिलं नाही. ज्यांच्या घरात छातीएवढं पाणी शिरलं, त्यांच्या दारात उभं राहून आपण "काय भारी फ्रेम आहे" म्हणू शकत नाही.

मी माझ्यापुरता एक नियम केला. प्रत्येक फोटोला जागा, वेळ आणि पाण्याची पातळी जोडायची. या तीन गोष्टी जोडल्या की तो फोटो नोंद होतो आणि पुढच्या वेळी कुणाच्या तरी उपयोगी पडतो. त्या नसतील तर ते नुसतं पाण्याचं चित्र. खालची बरीच उत्तरं या एका नियमातूनच आलेली आहेत.

पाण्याची पातळी कुठली धरायची?

कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावरची. कोल्हापुरात "पाणी किती फूट आहे?" असं कुणी विचारलं, तर ते याच ठिकाणचं असतं. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आयुष्यात पुन्हा असं बघायला लागणार नाही असं तेव्हा वाटलं होतं. दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, ते ५६ फूट ओलांडून गेलं.

हा बंधारा कोल्हापूर पद्धतीचा आहे. पावसाळ्याआधी त्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढून ठेवतात आणि मोठ्या पाण्यात तो पूर्ण बुडतो. त्यामुळे "राजाराम बंधारा पाण्याखाली" या बातमीनं घाबरून जाऊ नका. ते जवळजवळ दरवर्षी होतं. आकडा बघा.

मच्छिंद्री झाली म्हणजे काय?

ही आकड्यांच्या आधीची मोजपट्टी. जुन्या शिवाजी पुलाच्या दगडी बांधकामाला पाणी ठरलेल्या जागी टेकलं की जुनी माणसं म्हणतात, "मच्छिंद्री झाली." शहरात अशा खुणा बऱ्याच आहेत. पाणी गायकवाड वाड्यापर्यंत आलं, जामदार क्लबपर्यंत आलं, सुतारवाड्यात शिरलं. गंगावेशीतल्या माणसाला तुम्ही फुटात सांगण्यापेक्षा असं सांगितलं तर लगेच कळतं. फोटोखाली फूट-इंचाबरोबर ही खूणही लिहा. आकडा पेपरात मिळतोच, खूण मात्र माणसांच्या बोलण्यात असते आणि ती माणसं कमी होत चालली आहेत.

शहरात ऊन पडलंय, तरी पाणी चढतंय. असं कसं?

बाहेरगावाहून आलेल्या फोटोग्राफर मित्रांना हे हमखास चकवतं. पाऊस उघडला म्हणून ते निवांत पाण्याच्या कडेला उभे राहतात.

आपल्या नदीचं पाणी शहरात पडत नाही, ते पश्चिमेकडून येतं. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती मिळून प्रयाग चिखलीजवळ पंचगंगा होते. या नद्या घाटमाथ्यावरून येतात. गगनबावड्यात पडणारा पाऊस आणि शहरातला पाऊस यांची तुलनाच होऊ शकत नाही. तिकडे रात्रभर झोडपलं की इकडे ऊन असलं तरी पायरी-पायरीनं पाणी वर येतं.

दुसरं म्हणजे राधानगरी. भोगावतीवरचं हे धरण राजर्षी शाहू महाराजांनी सुरू केलं. त्याला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. तलाव भरला की पाण्याच्या दाबानं ते आपोआप उघडतात, कुणी कळ दाबावी लागत नाही. एका दरवाज्यातून १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट, पाणी सुटतं. पाचवा, सहावा दरवाजा उघडल्याची बातमी आली की ते पाणी काही तासांनी आपल्याकडे येणार हे धरून चाला.

आणि तिसरं. कोल्हापूरपासून पुढे नदी अगदी सपाट मुलखातून, वळणं घेत जाते आणि नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. कृष्णाच भरलेली असेल तर पंचगंगेचं पाणी पुढे सरकत नाही, मागे तुंबतं. म्हणून आपला पूर सावकाश चढतो आणि त्याहून सावकाश उतरतो. आठ-आठ दिवस पाणी तसंच राहतं. फोटो काढणाऱ्याला यातून एक गोष्ट मिळते: धावपळ करायची गरज नाही. आज नाही जमलं तर उद्या सकाळी जा.

कुठून काढू?

उंचावरून आणि कोरड्या जमिनीवरून. माझी आवडती जागा ब्रह्मपुरीची टेकडी. नदीला लागूनच आहे, आणि शेकडो वर्षं लोक तिथं राहिले ते उगीच नाही. याच टेकडीच्या उत्खननात रोमन काळातली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती सापडली, टाऊन हॉलच्या संग्रहालयात ती बघायला मिळते. समुद्रदेवाची मूर्ती पंचगंगेच्या काठी! पावसाळ्यात टेकडीवर उभं राहून खाली पसरलेलं पाणी बघताना मला दर वेळी ती आठवते.

ओळखीच्यांची गच्ची हा दुसरा उत्तम पर्याय. शुक्रवार पेठेत, गंगावेशीत कुणी नातेवाईक असतील तर आधीच विचारून ठेवा. लोक मनापासून वर नेतात आणि चहाही पाजतात. जाताना त्यांच्यासाठी एक फोटो प्रिंट करून घेऊन जा.

शिवाजी पुलावरून फोटो सुरेख येतात, पण पाणी वाढलं की पोलीस तिथं थांबू देत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. कठड्याला टेकलेली गर्दी, मागून गाड्या, पाय निसरडे. हुज्जत घालू नका.

लांबचं दृश्य हवं असेल तर जोतिबा किंवा पन्हाळ्याच्या बाजूनं खाली बघा. हिरव्या शिवारात तपकिरी पाणी कसं पसरलंय ते तिथून कळतं. पण आंबेवाडीजवळ रस्त्यावर पाणी आलं की तुम्ही पलीकडेच अडकता. निघण्याआधी रस्ता सुरू आहे ना, आणि संध्याकाळपर्यंत सुरू राहील ना, दोन्ही विचारा. २०१९ आणि २०२१ मध्ये तर शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गच पाण्याखाली जाऊन बंद पडला होता.

जयंती नाल्याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. नदी फुगली की नाल्याचं पाणी नदीत जात नाही, उलट नदीच नाल्यातून शहरात येते. नागाळा पार्क, व्हीनस कॉर्नर, लक्ष्मीपुरी या भागांत पाणी कसं पोचतं हे समजून घ्यायचं तर नाल्याचे फोटो घाटापेक्षा जास्त सांगतात. अर्थात लांबून.

एकाच जागेचा फोटो पुन्हा पुन्हा काढा असं तुम्ही का सांगता?

कारण पुराचा एक फोटो जवळजवळ मुका असतो. पाणी किती आहे हे पाण्याकडे बघून कळत नाही, बुडालेल्या वस्तूकडे बघून कळतं. घाटावरची दीपमाळ, देवळाचा कळस, विजेचा खांब, बसथांब्याची पाटी, उसाचे शेंडे. आणि त्या वस्तूची खरी उंची तेव्हाच समजते, जेव्हा तीच जागा कोरडी असतानाचा फोटो शेजारी असतो.

मी असं करतो. मे महिन्यात घाटावर जातो. पाणी तळाला गेलेलं असतं, बऱ्याचदा जलपर्णी साचलेली असते. अजिबात सुंदर दिसत नाही, तरी फोटो काढतो. कुठल्या दगडावर उभा होतो, कॅमेरा किती उंचीवर होता, लेन्स किती मिलिमीटरला होती, हे वहीत लिहितो. दोन पक्क्या खुणा धरतो, मागच्या देवळाचा कळस आणि पुढचा खांब एका रेषेत. पुढच्या वेळी त्या दोन खुणा पुन्हा एका रेषेत आल्या की तुम्ही त्याच जागी आहात. पण मेमधली तुमची जागा जुलैत पाण्याखाली जाणार. म्हणून दुसरी जागा उंचावर, तिसरी त्याहून मागे, अशा तीन जागा आधीच ठरवून ठेवायच्या.

पाणी चढायला लागलं की रोज सकाळी सात आणि संध्याकाळी सहा. शक्य तेवढं तंतोतंत. कॅमेऱ्यातलं घड्याळ मोबाईलशी जुळवून घ्या. माझ्या एका संपूर्ण पावसाळ्याच्या फोटोंवर बारा तासांचा फरक पडलेला आहे, सकाळच्या फोटोंवर संध्याकाळची वेळ. ते दुरुस्त करायला मला आठवडा लागला.

२०२१ चे माझे फोटो पायऱ्यांचे आहेत. पहिल्या दिवशी वरच्या अकरा पायऱ्या मोकळ्या. दुसऱ्या सकाळी चार. पाण्याच्या कडेला फेसाची बारीक पट्टी, तीत नारळाची शेंडी, चपलेचा एक पट्टा आणि कुणीतरी ओंजळीनं सोडलेली जास्वंद. त्या संध्याकाळी पायरी एकही नाही, आणि जास्वंद गेलेली. तिन्ही फोटो वेगवेगळे बघितले तर त्यांत काहीच नाही.

कॅमेऱ्याचं सेटिंग काय ठेवू?

व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटोतले रंग ठरवणारं सेटिंग, ऑटोवर ठेवू नका. पुराचं पाणी तांबूस-गढूळ असतं, ऑटो ते करडं करून टाकतं आणि आपल्या मातीचा रंग जातो. डेलाइटवर कायम ठेवा, म्हणजे रोजचे फोटो एकमेकांशी ताडूनही बघता येतात.

आभाळ पांढरं फटक असतं. ते चौकटीत जास्त आलं की बाकीचं सगळं काळवंडतं. आभाळ कमी घ्या, किंवा एक्स्पोजर थोडं वाढवून आभाळ गेलं तर जाऊ द्या.

पाण्याचा वेग दाखवायचा असेल तर शटर पाव सेकंदापर्यंत खाली आणा आणि पुलाच्या खांबामागे पाणी कसं दुभंगतं तिकडे रोखा. ढगाळ संध्याकाळी आयएसओ १०० आणि अॅपर्चर ११ ठेवलं की एनडी फिल्टरशिवायही (लेन्सवर लावायची, उजेड कमी करणारी काच) बरेचदा जमतं. ट्रायपॉड पुलावर लावू नका, ट्रक गेला की पूल थरथरतो आणि फोटो हलतो. पडणारा पाऊस रेघांसारखा दिसायला हवा तर १/६० च्या आसपास, मागे काहीतरी गडद धरून.

लेन्स लांब पल्ल्याची असली तर उत्तम, ७०-२०० किंवा त्याच्या जवळची. पाण्यापासून दूर राहता येतं, हा तिचा सगळ्यात मोठा फायदा.

मोबाईल चालेल का?

चालतो. डिजिटल झूम वापरू नका आणि लेन्स दर दोन मिनिटांनी सुती रुमालानं पुसा.

पावसात कॅमेरा कसा सांभाळू?

प्लॅस्टिकची जाड पिशवी, लेन्सच्या तोंडाशी रबर, वर हूड. छत्री धरायला सोबत कुणीतरी असेल तर सोन्याहून पिवळं. घरी आल्यावर कॅमेरा पुसून लगेच बॅगेत बंद करू नका, पंख्याखाली मोकळा ठेवा. आपल्याकडे पावसाळ्याचे तीन-चार महिने हवा ओली असते, लेन्सला बुरशी लागायला वेळ लागत नाही. माझी एक जुनी ५० मिलिमीटरची लेन्स अशीच गेली. घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात सिलिका जेल, एवढं पुरतं. जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की ते गरम करून पुन्हा वापरता येतात.

कॅमेरा पाण्यात पडलाच तर आधी बॅटरी काढा. चालू होतोय का हे बघायचा मोह टाळा.

ड्रोन उडवू का?

पूर असताना नाही. वर मदतीची हेलिकॉप्टर येऊ शकतात, खाली एनडीआरएफच्या बोटी असतात. शिवाय उजळाईवाडीचा विमानतळ जवळ आहे. ड्रोन नियम २०२१ आणि डिजिटल स्काय या सरकारी पोर्टलवरचा ड्रोनसाठीचा नकाशा वाचल्याशिवाय एरवीही उडवू नये.

पाण्यात थोडं उतरून काढला तर?

उतरू नका. अगदी घोट्याएवढ्या पाण्यातही नाही.

२०१९ ला मी गंगावेशीच्या पुढे रस्त्यावर पाण्याच्या कडेला उभा होतो. पाणी संथ होतं, तळ्यासारखं. डोळा व्ह्यूफाइंडरला लावून मी चौकट जुळवत एक-एक पाऊल पुढे टाकत गेलो, आणि मागून एक दूधवाले काका ओरडले, "ओ दादा, पाय बघा पाय!" पुढच्याच पावलाला गटाराचं झाकण उचकटलेलं होतं. वरून काहीच कळत नव्हतं. त्या दिवसापासून मी चालताना डोळ्याला कॅमेरा लावत नाही. थांबायचं, फोटो काढायचा, कॅमेरा खाली घ्यायचा, मग चालायचं.

वाहतं पाणी घोट्याच्या थोडं वर असलं तरी उभ्या माणसाला पाडतं. त्यात तारा असतात, साप असतात, पायाला जखम असेल तर लेप्टोची, म्हणजे घाण पाण्यातून होणाऱ्या तापाची, भीती. चुकून पाण्यात जावं लागलंच तर घरी येऊन साबणानं पाय धुवा, आणि नंतर ताप आला तर पुराच्या पाण्यात गेलो होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. अडचणीत कुणी दिसलं तर कॅमेरा बाजूला आणि ११२ किंवा जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाला १०७७ वर फोन.

माणसांचे फोटो काढावेत का?

विचारून. आणि नाही म्हणाले तर पुन्हा न विचारता.

स्थलांतराच्या शाळेत, जेवणाच्या रांगेत, कपडे वाळत घातलेल्या वर्गात मी कॅमेरा बाहेर काढत नाही. तिथं कुणाकडे नाही म्हणायची ताकद उरलेली नसते. चिखली, आंबेवाडीची माणसं म्हशी घेऊन सोनतळीकडे निघतात ते दृश्य रस्त्यावरचं आहे, सगळ्यांसमोरचं आहे. तरी तिथंही मी आधी विचारतो, "काढू का ओ मामा?" बहुतेक जण हो म्हणतात. एका मामांनी म्हशीचा काढायला सांगितला, स्वतःचा नको म्हणाले. मी म्हशीचाच काढला.

शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत पाणी येतं ते गणपतीच्या तोंडावर. रंग न दिलेल्या पांढऱ्या मूर्ती घरातल्या माळ्यावर, खाटेवर, शेजारच्या जिन्यात, मिळेल तिथं उचलून ठेवलेल्या असतात. एका वर्षी मी कॅमेरा घेऊन गेलो आणि तो गळ्यातच राहिला. दोन तास मूर्ती उचलत होतो. ओल्या शाडूच्या मूर्तीला खालून, पाटासकट धरायचं, हाताला धरायचं नाही, हे तिथल्या एका काकूंनी शिकवलं. निघताना त्या म्हणाल्या, "आता काढा की फोटो." तो एकच फोटो आहे माझ्याकडे: जिन्याच्या प्रत्येक पायरीवर एक गणपती, आणि सगळ्यात खालच्या पायरीला पाणी.

फोटो व्हॉट्सअॅपवर, फेसबुकवर टाकताना काय काळजी घ्यावी?

तारीख, वेळ आणि जागा फोटोवरच लिहा. फोटोखाली लिहिलेलं पुढे पाठवताना गळून पडतं.

माझा २०१९ चा एक फोटो २०२१ मध्ये "आत्ताची परिस्थिती" म्हणून एका पेजवर फिरला. इचलकरंजीहून माझ्या आत्यानं रडत फोन केला, कारण फोटोतला रस्ता तिच्या लेकीच्या घराजवळचा होता. त्या क्षणी तिथं पाणी आलेलंही नव्हतं. मी पेजला कळवलं, उत्तर आलं नाही. चूक त्यांची होती, पण फोटोवर तारीख टाकायला मी विसरलो होतो हेही तितकंच खरं. आता मी चौकटीच्या मधोमध नाही, पण कापता येणार नाही अशा जागी तारीख टाकतो.

पाणी उतरल्यावर काढण्यासारखं काय असतं?

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं तेव्हाच असतं, आणि तेव्हा कुणीच येत नाही. भिंतीवरची चिखलाची आडवी रेघ दोन-तीन दिवसांत धुतली जाते. ती धुण्याआधी, मोजपट्टी भिंतीला लावून, फोटो काढा. ज्यांचं घर आहे त्यांना मदत लागते तीही फोटोंची. पंचनामा होण्याआधी साफसफाई सुरू करावीच लागते, म्हणून चिखल काढण्याआधी प्रत्येक खोलीचा, फ्रीजचा, धान्याच्या डब्यांचा, गादीचा फोटो काढून त्यांच्या मोबाईलवर पाठवा. शेजारच्या चार घरांचे असे फोटो काढलेत तरी तुमच्या छंदाचं चीज झालं.

पुरात भिजलेले घरातले जुने फोटो वाचतात का?

बरेच वाचतात, पण दोन दिवसांच्या आत हात लावला तर. नंतर बुरशी धरते.

एकमेकांना चिकटलेले फोटो कोरडे ओढू नका, वरचा थर सोलून निघतो. परातीत स्वच्छ थंड पाणी घ्या, चिकटलेला गठ्ठा त्यात सोडा आणि आपोआप सुटायला वेळ द्या. फोटो कडेनं धरा, चित्रावर बोट नको, पुसू तर अजिबात नका. चिखल पाण्यातच हलवून जाऊ द्या, पाणी दोन-तीनदा बदला. मग सुती कापडावर चित्र वर करून पसरा. उन्हात नाही, सावलीत आणि वाऱ्याला. खूप फोटो असतील आणि हात कमी असतील, तर ओले फोटो मेणकागद मध्ये घालून पिशवीत भरा आणि कुणाच्या तरी चालू फ्रीजच्या फ्रीझरमध्ये ठेवा. पुढच्या आठवड्यात सावकाश काढता येतात.

काचेला चिकटलेला फोटो काचेसकट पाण्यात ठेवा. नाहीच सुटला तर काचेसकटच स्वच्छ करून आधी मोबाईलनं त्याची प्रत काढून घ्या, काचेला थोडा तिरका कोन धरून, म्हणजे स्वतःचं प्रतिबिंब पडत नाही.

२०१९ नंतर आमच्या गच्चीवर तीन दोऱ्या बांधल्या होत्या आणि चादरी अंथरल्या होत्या. नात्यातल्या, ओळखीच्या सहा घरांचे अल्बम होते. बारशाचे, लग्नाचे, तालमीतल्या कुस्त्यांचे. एका लग्नाच्या फोटोत नवरीचा चेहरा पूर्ण गेला होता, फक्त हिरवा चुडा आणि हाताची मेंदी उरली होती. मी तो टाकायच्या ढिगात ठेवला. मावशी आल्या, त्यांनी तो उचलला, पदराच्या टोकात धरला आणि म्हणाल्या, "हा माझा हात आहे. हा दे."